राष्ट्रपतींची सही : अधिकार किती, मर्यादा किती?

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठविल्याची अधिसूचना निघाली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला. त्या सकाळी घरोघरी पडलेल्या वृत्तपत्रांत मात्र मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याची बातमी होती. पुढच्या तीन-चार दिवसांचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. त्या गडबडीत मागे पडलेला प्रश्न घटनेचा होता. राजवट उठविण्याच्या आदेशावर तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची सही होती. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. केंद्र सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांतील बाराव्या नियमाचा आधार घेऊन पंतप्रधानांनी ती शिफारस केली होती. राष्ट्रपतींना त्या पहाटे 'जरा थांबा' असे म्हणता आले असते काय? आणि म्हटले असते, तर घटनेने त्यांना किती वेळ थांबू दिले असते?

राष्ट्रपतींच्या अधिकारांची चर्चा आपल्याकडे बहुधा 'रबरी शिक्का' या शब्दापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हा शब्द अगदीच चुकीचा आहे असे नाही. परंतु १९५० पासूनचे प्रसंग ओळीने पाहिले, तर राष्ट्रपतींचा खरा अधिकार फाईल टेबलावर येणे आणि तिच्यावर सही होणे यांच्या मधल्या काळात असल्याचे दिसते. हा काळ कोणी वापरला, कोणी वापरला नाही आणि कधी तो दुसऱ्याच कोणी वापरला, याचा हा आढावा.

कागदावरचे राष्ट्रपती

घटनेचे ५३ वे कलम सुटे वाचले तर अमेरिकेच्या अध्यक्षांनाही हेवा वाटावा. संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी असून ते ती स्वतः किंवा आपल्या हाताखालील अधिकाऱ्यांमार्फत वापरतील, असे हे कलम सांगते. तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य त्यांच्याकडे आहे. पंतप्रधान, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, राज्यपाल, निवडणूक आयुक्त, महालेखापरीक्षक या साऱ्यांच्या नेमणुका त्यांच्या सहीने होतात. संसदेचे अधिवेशन तेच बोलावतात, लोकसभा तेच विसर्जित करतात, राज्यसभेवर १२ सदस्य तेच नेमतात. सरकारचा सारा कारभार त्यांच्याच नावाने चालतो.

आणि मग ७४ वे कलम येते. राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिपरिषद असेल, असे मूळ कलमात म्हटले होते. हा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे की नाही, याबद्दल मात्र मूळ घटनेत अवाक्षर नव्हते.

घटनाकारांच्या मनात शंका नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राष्ट्रपतींची तुलना इंग्लंडच्या राजाशी केली होती. ते राष्ट्राचे प्रमुख असतील, राज्यकारभाराचे नव्हेत. राष्ट्राचे निर्णय ज्या मुद्रेने जाहीर होतात त्या मुद्रेवरील चिन्हासारखे त्यांचे स्थान असेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खुद्द संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी मात्र या बंधनाचा घटनेत स्पष्ट उल्लेख कुठे आहे, असे विचारले होते. संकेत तसा आहे, असे त्यांना सांगण्यात आले. लिखित घटनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अलिखित ठेवण्याचा हा निर्णय पुढे बराच महागात पडला.

पहिला प्रश्न पहिल्याच राष्ट्रपतींचा

त्या संकेताला पहिला धक्का राजेंद्रबाबूंनीच दिला. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या संदर्भात त्यांनी पंतप्रधान पंडित नेहरूंना पत्र लिहून, हे विधेयक आपल्यापुढे आले तर आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो, असे कळविले. नेहरूंनी ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांचे मत मागविले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असे उत्तर आले. गंमत अशी की, ज्या महिन्यात राष्ट्रपती या विधेयकाविरुद्ध उभे राहण्याच्या विचारात होते, त्याच महिन्यात ते विधेयक रखडले म्हणून कायदामंत्री डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ व १९५६ मध्ये ते विधेयक तुकड्यातुकड्यांनी संमत झाले आणि राजेंद्रबाबूंनी त्यावर सह्याही केल्या.

पण शंका त्यांच्या मनातून गेली नव्हती. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत 'इंडियन लॉ इन्स्टिट्यूट'च्या समारंभात बोलताना, राष्ट्रपतींच्या अधिकारांचा विद्वानांनी अभ्यास करावा, असे त्यांनी जाहीरपणे सुचविले. न्यायालयाची भूमिका तोपर्यंत पुरेशी स्पष्ट झाली होती. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींना घटनात्मक प्रमुख ठरविले होते. १९७४ मध्ये समशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

२५ जूनची रात्र

या निकालाला वर्षही झाले नव्हते, तोच २५ जून १९७५ ची रात्र आली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची शिफारस राष्ट्रपती भवनात पोहोचली आणि मध्यरात्रीच्या आत फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता कळली. रात्री मंत्रिमंडळ बोलाविणे शक्य नसल्याचे सांगून त्या वेळीही बाराव्या नियमाचाच आधार घेण्यात आला होता. हा नियम मोठा सोयीचा आहे. पंतप्रधानांना आवश्यक वाटेल तेव्हा व तेवढ्या प्रमाणात कामकाजाचे नियम बाजूला ठेवण्याची मुभा तो देतो.

फक्रुद्दीन अली अहमद यांना थांबता आले असते, हे निर्विवाद आहे. शिफारस मंत्रिमंडळाची आहे की एकट्या पंतप्रधानांची, एवढे विचारले असते तरी घोषणा सकाळपर्यंत लांबली असती. आणीबाणी टळली असतीच असे नाही. सकाळच्या बैठकीत एकाही मंत्र्याने विरोध केला नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. तरीही तो प्रश्न विचारला गेला नाही, याची नोंद इतिहासात झाली. डिसेंबर १९७५ मध्ये अबू अब्राहम यांचे न्हाणीघरात टबात बसून वटहुकमांवर सह्या करणाऱ्या राष्ट्रपतींचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. राष्ट्रपतिपदाविषयीच्या शेकडो पानी ग्रंथांनी जे साधले नाही, ते त्या एका चित्राने साधले.

आणीबाणीतच, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अलिखित संकेत लिखित झाला. मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसारच राष्ट्रपती वागतील, असे ७४ व्या कलमात घालण्यात आले. जनता पक्षाच्या सरकारने १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते बंधन कायम ठेवले, मात्र एक खिडकी उघडली. राष्ट्रपती मंत्रिपरिषदेला सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगू शकतात. फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो मात्र त्यांना मानावाच लागतो. राष्ट्रपतींच्या आजच्या अधिकारांचा सारा डोलारा या 'एकदाच' वर उभा आहे.

याच दुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला आणि 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून त्या जागी 'सशस्त्र उठाव' घातले. म्हणजे १९७५ ची वाट बुजविली गेली. पण ती फक्त आणीबाणीपुरती. राष्ट्रपती राजवट लावण्या-उठविण्याच्या ३५६ व्या कलमात अशी लेखी निर्णयाची अट घातली गेली नाही, आणि ४४ वर्षांनंतर तोच बारावा नियम मुंबईच्या राजभवनातील शपथविधीसाठी पुन्हा वापरता आला. कोविंद यांना ती शिफारस फेरविचारासाठी परत पाठविता आली असती. त्यासाठी मंत्रिमंडळ बोलवावे लागले असते, काही तास गेले असते. त्या दिवशी सारे महत्त्व त्या काही तासांनाच होते.

नारायणन यांनी घातलेला पायंडा

फेरविचाराची खिडकी खऱ्या अर्थाने वापरली ती के. आर. नारायणन यांनी. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत माइक उखडून हाणामारी झाली आणि इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने कल्याणसिंग सरकार बरखास्त करण्याची शिफारस केली. कल्याणसिंग यांनी सभागृहात बहुमत सिद्ध केलेले होते. १९९४ च्या बोम्मई निकालाने बहुमताची कसोटी सभागृहातच लागावी, असे ठरवून दिले होते. नारायणन यांनी शिफारस परत पाठविली आणि गुजराल सरकारने तिचा आग्रह सोडला.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, बिहारमधील राबडीदेवी सरकारबाबत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही त्यांनी परत केली. पहिली शिफारस भाजपच्या मुख्यमंत्र्याविरुद्ध होती, दुसरी भाजपच्या पंतप्रधानांनी केली होती. त्यामुळे पक्षपाताचा आरोप चिकटणे कठीण होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारमधील दलित हत्याकांडांनंतर मंत्रिमंडळाने तीच शिफारस पुन्हा पाठविली, तेव्हा त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत नसल्याने सरकारला महिनाभरातच ती राजवट मागे घ्यावी लागली.

याच बिहारने पुढे राष्ट्रपतींना पेचात टाकले. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या शिफारशीवर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना सही केली. सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. राजीनाम्याचा विचार आपल्या मनात आला होता, असे कलाम यांनी पदावरून उतरल्यानंतर लिहून ठेवले आहे.

विधेयके : परत, पुन्हा आणि पडून

संसदेने संमत केलेले विधेयक १११ व्या कलमाखाली राष्ट्रपतींकडे येते. त्याला मान्यता देणे, मान्यता रोखणे किंवा ते संदेशासह परत पाठविणे असे तीन मार्ग त्यांच्यापुढे असतात. धनविधेयक परत पाठविता येत नाही. परत गेलेले विधेयक संसदेने, दुरुस्तीसह वा जसेच्या तसे, पुन्हा संमत केले तर मान्यता रोखता येत नाही. मंत्रिमंडळाच्या बंधनातून काढलेली ही आणखी एक 'एकदाच'ची संधी.

डॉ. कलाम यांनी ३० मे २००६ रोजी लाभाच्या पदांचे विधेयक परत पाठवून ती वापरली. जया बच्चन यांचे राज्यसभा सदस्यत्व त्याआधी मार्चमध्ये रद्द झाले होते आणि सोनिया गांधी यांनी खासदारकीचा राजीनामा दिला होता. त्यानंतर घाईने केलेल्या या विधेयकात ५० हून अधिक पदांना पूर्वलक्षी प्रभावाने सूट देण्यात आली होती. सूट देण्याचा सर्वांना सारखा लागू होणारा निकष कोणता, असे कलाम यांनी विचारले. संसदेने एका शब्दाचाही बदल न करता विधेयक पुन्हा पाठविले आणि १८ ऑगस्टला त्यांनी सही केली. कलाम हरले, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. परंतु त्या अडीच महिन्यांत लाभाचे पद म्हणजे काय, हे वृत्तपत्रांच्या वाचकांना कळले आणि या प्रश्नासाठी संयुक्त संसदीय समिती नेमणे सरकारला भाग पडले.

मान्यता रोखण्याचीही उदाहरणे आहेत. खासदारांच्या वेतन व निवृत्तिवेतनाविषयीचे १९९१ मधील विधेयक राष्ट्रपतींच्या आवश्यक शिफारशीशिवाय लोकसभेच्या अखेरच्या दिवशी संमत झाले होते. आर. वेंकटरामन यांनी त्याला मान्यता दिली नाही.

या तीन मार्गांखेरीज चौथा मार्ग झैलसिंग यांनी शोधला. राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये टपाल कायद्यात दुरुस्ती करून नागरिकांची पत्रे उघडून पाहण्याचे अधिकार वाढवून घेतले. दोन्ही सभागृहांनी ते विधेयक संमत केले. पंतप्रधान व राष्ट्रपती यांचे संबंध तेव्हा इतके बिघडले होते की, कारभाराची माहिती राष्ट्रपतींना देण्याचे ७८ व्या कलमाखालील कर्तव्य पंतप्रधान पाळतात की नाही यावर जाहीर वाद चालू होता आणि राष्ट्रपती पंतप्रधानांना बडतर्फ करतील, अशी कुजबुज दिल्लीत होती. झैलसिंग यांनी विधेयकावर सही केली नाही, ते परत पाठविले नाही आणि नाकारलेही नाही. ते नुसते पडून राहिले. १११ व्या कलमात राष्ट्रपतींनी मान्यता किती दिवसांत द्यावी, याची मुदत नाही. इंग्रजीत ज्याला 'पॉकेट व्हेटो' म्हणतात तो हा खिशातला नकाराधिकार, आणि त्याचा आपल्याकडील सर्वांत ठळक वापर. जुलै १९८७ मध्ये झैलसिंग निवृत्त झाले, तरी विधेयक तसेच होते. त्याचा कायदा कधीच झाला नाही. १८९८ च्या टपाल कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नव्या कायद्यात टपाल अडवून तपासण्याची तरतूद आहे. त्यावर झालेली चर्चा मात्र १९८६ च्या मानाने फारच थोडी होती.

वटहुकूम आणि प्रश्नांची ताकद

संसदेचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज भासल्यास १२३ व्या कलमाखाली राष्ट्रपती वटहुकूम काढतात. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने तो मंजूर केला नाही तर तो आपोआप संपतो. मुदत संपली की पुन्हा तोच वटहुकूम काढण्याची क्लृप्ती राज्याराज्यांत बोकाळली, तेव्हा ती उघडकीस आणली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यांतील काही तर १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्याच याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा म्हणजे घटनेशी केलेली लबाडी असल्याचे ठरविले. तरीही केंद्रात शत्रू-मालमत्तेचा वटहुकूम २०१६ या एका वर्षात पुन्हा पुन्हा निघाला आणि प्रणव मुखर्जी यांनी प्रत्येक वेळी सही केली.

याच प्रणवबाबूंचे २०१३ चे उदाहरण वेगळे आहे. दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींचे सदस्यत्व वाचविणारा वटहुकूम मनमोहनसिंग मंत्रिमंडळाने पाठविला. राष्ट्रपतींनी तो परत पाठविला नाही. त्यांनी गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे व कायदामंत्री कपिल सिब्बल यांना बोलावून घेतले आणि एवढी घाई कशासाठी, हे विचारले. ही भेट २६ सप्टेंबरची. दुसऱ्याच दिवशी राहुल गांधी यांनी वटहुकूम फाडून टाकण्याची भाषा केली व २ ऑक्टोबरला तो मागे घेण्यात आला. श्रेय राहुल गांधींच्या पत्रकार परिषदेला मिळाले. राष्ट्रपतींनी विचारलेला प्रश्न त्याआधीच सरकारच्या वर्मी लागला होता, असे या वार्ताहराचे मत आहे.

निवडणुका तोंडावर असताना हा अधिकार आणखी वाढतो, कारण सरकारला आग्रह धरणे अवघड जाते. मार्च १९९६ मध्ये डॉ. शंकरदयाळ शर्मा यांनी नरसिंह राव सरकारच्या दोन वटहुकमांवर सही केली नाही आणि ते दोन्ही बारगळले.

दयेचा अर्ज

हाच मधला काळ एका ठिकाणी माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे. ७२ व्या कलमाखाली राष्ट्रपती शिक्षा माफ किंवा कमी करू शकतात. १९८८ च्या केहरसिंग निकालानुसार ते खटल्यातील पुराव्याकडेही नव्याने पाहू शकतात. निर्णय मात्र येथेही मंत्रिमंडळाच्या, व्यवहारात गृहमंत्रालयाच्या, सल्ल्यानेच होतो. प्रतिभा पाटील यांनी कित्येक फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या आणि त्यांच्यावर टीका झाली. प्रणव मुखर्जी यांनी कसाबसह अनेकांचे अर्ज फेटाळले आणि त्यांची कठोर म्हणून वाहवा झाली. दोघांनाही सल्ला त्या त्या वेळच्या सरकारचाच होता, हे टीकाकार आणि चाहते दोघेही विसरले.

मुदत नसल्याचा परिणाम येथे उलट होतो. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरील अक्षम्य विलंब हे शिक्षा कमी करण्याचे कारण ठरविले आणि १५ कैद्यांची फाशी रद्द केली. महाराष्ट्रात याचे उदाहरण म्हणजे कोल्हापूरचे बालहत्याकांड. त्यातील दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती. त्यांचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. त्यावर निर्णय होण्यास सात वर्षे दहा महिने लागले, या कारणावरून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फाशी जन्मठेपेत बदलली. राज्य आणि केंद्र यांच्या टेबलांवर फाईल पडून राहिली, आणि शेवटी ज्या बालकांचा जीव गेला त्यांच्या घरच्यांना या शिक्षेचे काय झाले याचे उत्तर मिळायला २०२२ साल उजाडले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ व्या कलमाने केंद्र सरकारच्या शिफारशीला ६० दिवसांची मुदत घातली आहे. राष्ट्रपतींना स्वतःला मुदत घातलेली नाही.

सल्ला देणाराच नसेल तेव्हा

मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे म्हटले, तरी मंत्रिमंडळच अस्तित्वात यायचे असेल तर? पंतप्रधान कोणाला नेमायचे, हा निर्णय राष्ट्रपतींचा स्वतःचा असतो. स्पष्ट बहुमत असेल तर तो निव्वळ उपचार. त्रिशंकू लोकसभेत मात्र त्याइतका मोठा अधिकार दुसरा नाही.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला, तेव्हा नीलम संजीव रेड्डी यांनी पहिले निमंत्रण दिले ते विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना. अविश्वासाचा ठराव त्यांचाच होता. मराठी माणूस पंतप्रधानपदाच्या इतक्या जवळ तोपर्यंत कधी पोहोचला नव्हता. पण यशवंतरावांना आकडे जुळविता आले नाहीत. नंतर चरणसिंग यांना नेमून त्यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगण्यात आले. लोकसभेला सामोरे न जाताच त्यांनी २० ऑगस्टला राजीनामा दिला आणि दोन दिवसांत रेड्डी यांनी लोकसभा विसर्जित केली. जगजीवनराम यांचा दावा त्यांनी विचारात घेतला नाही. सभागृहाचा विश्वास एकदाही न मिळविलेल्या पंतप्रधानांचा सल्ला मानून लोकसभा विसर्जित करावी काय, हा वाद आजही मिटलेला नाही.

पुढच्या राष्ट्रपतींनी मग आपापला मार्ग शोधला. वेंकटरामन यांनी १९८९ मध्ये सर्वांत मोठ्या पक्षाला प्रथम विचारले. त्याच न्यायाने शंकरदयाळ शर्मा यांनी १९९६ मध्ये वाजपेयींना बोलाविले आणि ते सरकार १३ दिवस टिकले. त्यावरून शहाणे होऊन नारायणन यांनी १९९८ मध्ये पाठिंब्याची लेखी पत्रे मागितली आणि आपल्या निर्णयाची कारणे जाहीर केली. घटनेत यांपैकी काहीच लिहिलेले नाही. पुन्हा त्रिशंकू लोकसभा आली तर राष्ट्रपतींना या पूर्वसूरींच्या टिपणांवरच विसंबावे लागेल.

निवड आणि गच्छंती

हे सारे करणारी व्यक्ती निवडून येते ती संसदेच्या आणि विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या मतांवर. आमदाराचे मतमूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरते : उत्तर प्रदेशात २०८, महाराष्ट्रात १७५, गोव्यात २० आणि सिक्कीममध्ये ७. जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने २०२२ मध्ये खासदाराचे मत ७०० धरले गेले. मतदान गुप्त असते व पक्षादेश चालत नाही. २००७ मध्ये शिवसेनेने आघाडीधर्म बाजूला ठेवून प्रतिभा पाटील यांना मते दिली, ती याच मोकळिकीत. पदावरून काढण्यासाठी महाभियोग हाच मार्ग असून त्याला प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांची गरज असते. आजवर तो एकदाही वापरला गेलेला नाही.

मुदतीचा वाद

मधल्या काळाचा प्रश्न अखेर २०२५ मध्ये थेट न्यायालयापुढे आला. तमिळनाडूच्या राज्यपालांनी अडवून ठेवलेल्या विधेयकांच्या खटल्यात ८ एप्रिल रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या पीठाने राज्यपालांना तर मुदत घातलीच, शिवाय त्यांनी राखून ठेवलेल्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असेही सांगितले. मे महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी १४३ व्या कलमाखाली १४ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविले. मूळचे अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी उत्तर दिले. घटनेत मुदत नसताना न्यायालयाने ती घालता येणार नाही, आणि मुदत उलटली म्हणून मान्यता मिळाल्याचे गृहीतही धरता येणार नाही. राज्यपाल दीर्घकाळ, कारण न देता स्वस्थ बसले तर निर्णय घ्या एवढेच न्यायालय सांगू शकेल. काय निर्णय घ्या, हे सांगणार नाही.

या वादात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. झैलसिंग टपाल विधेयकावर थांबले, ते स्वतःच्या मताने. राज्यांची विधेयके राष्ट्रपती भवनाच्या वाटेवर थांबतात, ती बहुधा केंद्रीय मंत्रालयांच्या अभिप्रायांसाठी. राष्ट्रपतींच्या हातातला तोच अमर्याद वेळ येथे केंद्र सरकारच्या हाती जातो. शिवाय संसदेला असलेले हत्यार राज्यांकडे नाही. २०१ व्या कलमानुसार परत आलेल्या विधेयकाचा विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा असतो, आणि ते पुन्हा संमत झाले तरी राष्ट्रपतींवर सहीचे बंधन नसते. महिलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा ठरविणारे महाराष्ट्राचे 'शक्ती' विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत करून राष्ट्रपतींच्या मान्यतेसाठी पाठविले. केंद्राने त्यातील तरतुदींवर आक्षेप घेतले, मान्यता मिळाली नाही आणि ते कायद्याच्या रूपाने अमलात आले नाही.